नबुखद्नेस्सरला मिळालेले बारा महिने

जुनी वही
सोमवार, रात्री ९:१०

आमच्या शास्त्राभ्यासात सध्या बायबलमधलं दानीएलाचं पुस्तक चालू आहे. चौथा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलोय. राजाला गर्व झाला, देवाने त्याला गवत खायला लावलं, मग तो शुद्धीवर आला. संडे स्कूलमध्ये आम्ही बैलासारखं गवत चघळायची नक्कल करायचो. या वेळी मात्र एका वाक्यापाशी अडकलो आणि चार दिवस तिथेच आहे, म्हणून हा धागा काढतोय.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाला, म्हणजे नबुखद्नेस्सरला, स्वप्नात आभाळाला टेकलेलं झाड दिसतं. त्याच्या सावलीत जनावरं, फांद्यांवर पाखरं. स्वर्गातून हुकूम येतो की झाड तोडा, पण बुंधा मुळांसकट जमिनीत राहू द्या, त्याला लोखंड आणि पितळेचा बंद घाला. दरबारातला यहूदी बंदिवान दानीएल अर्थ सांगतो की महाराज, ते झाड म्हणजे तुम्हीच. मग तो एक सल्ला देतो: धर्माने वागा, गांजलेल्यांवर दया करा, म्हणजे कदाचित तुमचं स्वास्थ्य टिकेल.

त्यानंतर शास्त्र म्हणतं, 'बारा महिने लोटल्यावर'.

इतकी वर्षं माझे डोळे या तीन शब्दांवरून नुसते सरकत गेले. स्वप्न पडलं आणि शिक्षा झाली, असंच मनात बसलं होतं. मध्ये पूर्ण एक वर्ष आहे! त्या वर्षात काय घडलं याबद्दल शास्त्र गप्प आहे. तो घाबरला असेल, चार दिवस गरिबांना धान्य वाटलं असेल, मग पुन्हा दरबार, पुन्हा बांधकामं. एके दिवशी राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना तो म्हणतो की हे थोर बाबेल मीच नाही का माझ्या बळाने, माझ्या वैभवासाठी बांधलं? शब्द अजून तोंडात आहेत तोवर वरून आवाज येतो.

अर्थ सांगण्याआधी दानीएलाची काय अवस्था झाली तेही पाहा. तो काही वेळ सुन्न होतो, बोलूच शकत नाही. मग म्हणतो, महाराज, हे स्वप्न तुमच्या वैऱ्यांना लागू पडो. ज्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, दानीएलाला कोवळ्या वयात कैदी करून आणलं, त्या माणसाबद्दल तो हे बोलतोय. देवाचा न्याय सांगताना त्याला आतून आनंद झालेला नाही. आपण कुणाला 'बघ, देव तुला दाखवेल' म्हणतो तेव्हा आपल्या आवाजात काय असतं?

तुम्हाला काय वाटतं? ते वर्ष म्हणजे शिक्षेआधी नुसती मिळालेली सवड, की देवाच्या न्यायाचं कामच तेव्हा चालू होतं? माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण मला ते नीट मांडता येत नाहीये.

मोहरीचा दाणा
सोमवार, रात्री ९:४८

फार छान विषय. गर्वाचे घर खाली, ही म्हण उगाच नाही.

यहूदाच्या उज्जीया राजाचं उदाहरण जोडतो, बायबलमधलं 'दुसरा इतिहास' हे पुस्तक, अध्याय २६. सोळाव्या वर्षी गादीवर आला, ५२ वर्षं राज्य केलं. बुरूज बांधले, विहिरी खोदल्या, शेतीची त्याला मनापासून आवड होती असंही लिहिलंय. शास्त्रकार म्हणतो की त्याला आश्चर्यकारक साहाय्य मिळत गेलं, तो बलवान होईपर्यंत. बलवान झाल्यावर मात्र हृदय उन्मत्त झालं. याजकांचं, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांचं, काम आपणच करावं म्हणून धुपाटणं घेऊन मंदिरात शिरला. अजऱ्या याजक आणि त्याच्यासोबतचे ८० जण आडवे आले, त्यांच्यावर भडकला आणि तिथेच कपाळावर कोड फुटलं. मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला.

देवाच्या काठीला आवाज नसतो. आजही बघा, माणसं ताठ्यात वागतात आणि मग आजार, अपघात, नुकसान. लोक मानत नाहीत, पण न्याय होतोच.

खापर
सोमवार, रात्री १०:३०

इतिहासाच्या बाजूने थोडं. नबुखद्नेस्सर (दुसरा) याची कारकीर्द इसवी सनपूर्व ६०५ ते ५६२. बाबेलचं उत्खनन रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन पुरातत्त्वज्ञाने १८९९ ते १९१७ या काळात केलं. निळ्या चकाकत्या विटांचं इश्तार द्वार तिथलंच, त्याची पुनर्रचना बर्लिनच्या पेर्गामोन संग्रहालयात आहे. त्या राजाच्या विटा असंख्य सापडल्यात आणि त्यांवर शिक्का आहे: नबुखद्नेस्सर, बाबेलचा राजा, एसागिला आणि एझिदा या मंदिरांचा पोशिंदा, नबोपोलस्सरचा ज्येष्ठ पुत्र.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गच्चीवरचं राजाचं वाक्य माहिती म्हणून खोटं नव्हतं. बाबेल खरंच त्याने उभारलं होतं. म्हणजे गर्व म्हणजे खोटी फुशारकी एवढंच म्हणून चालत नाही. पूर्ण खरी गोष्ट बोलतानाही माणूस गर्विष्ठ असू शकतो. त्या वाक्यात 'मी' सोडून कुणीच नाही. विटा थापणारे नाहीत, जिंकलेल्या मुलखातून ओढून आणलेले मजूर नाहीत. विटेवर निदान बापाचं तरी नाव आहे, गच्चीवरच्या बोलण्यात तेही नाही.

दुसरा मुद्दा, जो काहींना रुचणार नाही. राजाच्या सात वर्षांच्या वेडाची नोंद बाबेलच्या उपलब्ध लेखांत मिळत नाही. मृत समुद्राजवळच्या कुमरान इथल्या चौथ्या गुहेत मात्र अरामी भाषेतल्या एका प्रार्थनेचे तुकडे सापडले. त्यात नबोनिद हा बाबेलचा नंतरचा राजा अरबस्तानातल्या तेमा इथे सात वर्षं व्याधीने ग्रासलेला असतो आणि एक यहूदी माणूस त्याला खऱ्या देवाचा गौरव करायला सांगतो. नबोनिद बरीच वर्षं राजधानी सोडून तेमाला राहिला होता, हे बाबेलच्या लेखांवरूनही कळतं. त्यामुळे काही अभ्यासकांना वाटतं की दानीएल ४ च्या मागे नबोनिदच्या आठवणी असाव्यात. मी विश्वास ठेवणारा माणूस आहे आणि मला याने धक्का बसत नाही. पण शास्त्र वाचणाऱ्यांना हे ठाऊक असावं.

निशिगंध
मंगळवार, सकाळी ६:५५

@मोहरीचा दाणा, तुमच्या प्रतिसादाच्या शेवटच्या ओळी वाचून रात्री झोप लागली नाही. भांडायचं नाही, पण लिहायलाच हवं.

मला काही वर्षांपूर्वी मोठा आजार झाला. मंडळीतली (चर्चमधली) एक वडीलधारी बाई घरी भेटायला आली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि उठताना म्हणाली, "काय चुकलंय ते शोध, बाळ. देव उगाच मारत नाही." उपचारांपेक्षा ते वाक्य मला जास्त काळ दुखलं. मी खरंच शोधत बसले. कॉलेजात असताना आईला उलट बोलले होते ते आठवलं, मैत्रिणीशी खोटं बोलले ते आठवलं. एकेक पाप तराजूत टाकून बघायचे की आजाराएवढं वजन भरतंय का.

मग एका ताईंनी मला लूक १३, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय, वाचायला दिला. लोक येशूकडे बातमी घेऊन येतात, रोमी सुभेदार पिलाताने काही गालीलकरांना यज्ञाच्या वेळीच मारलं. येशू स्वतःच दुसरी बातमी काढतो, शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं दगावली. तो विचारतो की ती अठरा माणसं यरुशलेमात राहणाऱ्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही.

स्वच्छ, सरळ 'नाही'. माझ्यासाठी ते तेव्हा औषध होतं.

तो तिथे थांबत नाही हेही मला माहीत आहे. पुढे म्हणतो की तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल. पण बोट कुठे वळलं ते बघा. मेलेल्यांकडचं बोट तो विचारणाऱ्यांकडे वळवतो. आणि लगेच त्याच श्वासात अंजिराच्या झाडाचा दाखला सांगतो. मालक तीन वर्षं फळ शोधत येतोय, म्हणतो तोडून टाक, जागा कशाला अडवतंय. माळी म्हणतो, धनी, एवढं एक वर्ष राहू द्या, मी आळं खणतो, खत घालतो.

उज्जीयाला कोड का फुटलं ते शास्त्रकाराने सांगितलं म्हणून आपल्याला कळलं. माझ्या आजाराबद्दल कुठल्याही संदेष्ट्याने काही सांगितलेलं नाही.

मोहरीचा दाणा
मंगळवार, सकाळी ८:२०

निशिगंधताई, क्षमा मागतो. मी ते वाक्य सवयीने लिहिलं, कुणाला लागेल याचा विचार केला नाही. संकटात सापडलेल्या ईयोबाला 'तुझंच पाप असेल' म्हणणारे त्याचे मित्रही हेच करत होते आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच भडकला, हे मला माहीत असायला हवं होतं. ती ओळ मागे घेतो.

सायंघंटा
मंगळवार, दुपारी १:१५

ताई, प्रतिसाद फार आवडला. मोहरीचा दाणा, तुमचाही.

मी कॅथलिक. आमच्याकडे सात प्रमुख पापांची यादी शिकवतात आणि तिच्यात गर्व पहिला. पण यादीचा इतिहास मला यादीपेक्षा जास्त शिकवून गेला. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा संन्यासी होता, ३९९ मध्ये वारला. त्याने माणसाला घेरणारे आठ विचार सांगितले. त्यात पोकळ कीर्तीची हाव वेगळी आणि गर्व वेगळा ठेवला होता. हाव असणाऱ्याला बघणारे लागतात. गर्वाला कुणीही लागत नाही, एकांतातल्या गुहेतही तो सुखाने वाढतो. गर्वाची खूण एव्हाग्रियसने अशी दिली: देव आपला साहाय्यकर्ता आहे हे माणूस नाकारतो आणि आपल्या सत्कृत्यांचं कारण आपणच आहोत असं मानू लागतो.

पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोरल्या ग्रेगरींनी मांडणी बदलली. त्यांनी गर्वाला सातांतही धरलं नाही. तो मूळ, बाकीची सात त्याची फळं.

नबुखद्नेस्सर गच्चीवर कुणाशी बोलत होता? शास्त्रात ऐकणाऱ्याचा उल्लेखच नाही. तो एकटाच बोलतोय. दरबारात फुशारकी मारली असती तर निदान खुशामतखोरांना तरी काही मिळालं असतं.

आणि सत्कृत्यांबद्दल म्हणाल तर लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, आठवा. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दहावा भाग देवाला. खापर यांनी म्हटलं तसंच, सगळं खरं. तो देवाचे आभारही मानतोय! फक्त आभार कशाबद्दल, तर मी इतरांसारखा नाही, त्या जकातदारासारखा तर नाहीच. मला कबुलीजबाबाच्या वेळी सगळ्यात कठीण जातं ते हेच. पाप सांगताना जीभ चालते. चांगल्या कामांच्या आत जे शिरलंय ते सांगता येत नाही, कारण ते दिसतच नाही.

कुतूहल
मंगळवार, रात्री ८:०५

मी ख्रिस्ती नाही, पण हा धागा कालपासून वाचतोय. दोन प्रश्न आहेत, कुणाला दुखवायचा हेतू नाही.

पहिला: देव सर्वज्ञ असेल तर राजा बदलणार नाही हे त्याला आधीच माहीत होतं. मग वर्षभर थांबून काय मिळवलं?

दुसरा जास्त टोचतो. देव जुलमी माणसाशी सहनशीलतेने वागतो, ठीक. पण त्या सहनशीलतेची किंमत कोण मोजतं? ज्यांच्यावर जुलूम होतोय ते. राजाला बारा महिने मिळाले म्हणजे त्याच्या गुलामांना आणखी बारा महिने गुलामी मिळाली.

खापर
मंगळवार, रात्री ८:५०

दुसऱ्या प्रश्नाला झटपट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, एवढंच आत्ता म्हणतो. हबक्कूक संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच देवाला विचारतो, मी किती वेळ ओरडू? प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून विचारतात, हे स्वामी, कुठवर? त्यांना शुभ्र झगे मिळतात आणि आणखी थोडा वेळ विसावा घ्या असं सांगितलं जातं. म्हणजे तुमचा प्रश्न शास्त्राबाहेरून आलेला नाही. तो आतच आहे, आणि विचारणाऱ्यांना कुणी गप्प केलेलं नाही.

जुनी वही
मंगळवार, रात्री ११:२५

कुतूहल, तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे मला जे मांडता येत नव्हतं ते थोडं दिसायला लागलं. पुन्हा दानीएलाच्या सल्ल्यावर गेलो. तो राजाला काय कर म्हणतो? उपास कर, गोणपाट नेस, मंदिर बांध, असं काही नाही. गांजलेल्यांवर दया कर. म्हणजे ते वर्ष राजाला रिकामं दिलेलं नव्हतं. वर्षभरात करायचं काम ठरवून दिलं होतं आणि ते काम नेमकं ज्यांनी किंमत मोजली त्यांच्याच कामाचं होतं. देव थांबला तो गुलामांना विसरून थांबला नाही. त्यांची सुटका राजाच्या हातून व्हावी, असा मार्ग त्याने आधी उघडला. राजाने तो वाया घालवला. एवढ्याने तुमचा प्रश्न सुटत नाही, हे मला कळतं. ज्याच्या पाठीवर आसूड पडत होता त्याला माझं हे विवेचन सांगण्याची माझी हिंमत नाही.

पहिल्या प्रश्नाबद्दल: थांबण्याने देवाला नवी माहिती मिळत नसेल. पण राजाला मिळाली. शुद्धीवर आल्यावर तो स्वतः सगळ्या लोकांना उद्देशून ही हकीकत सांगतो, अध्यायाचा बराचसा भाग त्याच्याच तोंडी आहे. 'बारा महिने' हा हिशेबही त्याच्याच जाहीरनाम्यात येतो. मला सांगितलं होतं, वेळ दिली होती, मी ऐकलं नाही, हे त्याने जगाला लिहून कळवलं. ते वर्ष मिळालंच नसतं तर तो आयुष्यभर म्हणाला असता, मला कुणी सांगितलंच नाही.

आणखी एक. राजा माणसांतून हाकलला गेला, केस गरुडाच्या पिसांसारखे वाढले, नखं पक्ष्यांसारखी झाली. सात काळ असे गेले. तेवढ्या अवधीत त्याचं राज्य दुसऱ्या कुणी बळकावलं नाही! परत आला तेव्हा मंत्री आणि सरदार त्याला शोधत आले. बुंध्याला घातलेला लोखंड-पितळेचा बंद मला याआधी बेडीसारखा वाटायचा. आता वाटतं, चिरलेलं खोड उकलू नये म्हणून बांधतात तसा तो असावा. शिक्षा चालू असतानाही त्याची जागा कुणीतरी राखून ठेवली होती.

पहाटवारा
बुधवार, सकाळी १०:१०

सगळे प्रतिसाद वाचले. एक बाजू राहिली आहे.

माझ्या घरी आणि मंडळीतही 'नम्र हो' हे वाक्य मला फार ऐकवलं गेलंय, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याचा अर्थ 'गप्प बस' असा होता. मी हिशेबात चूक दाखवली, तेव्हा मी गर्विष्ठ. अपमान झाल्यावर उत्तर दिलं, तेव्हाही गर्विष्ठ. सांगणाऱ्यांना मात्र आपल्यात गर्व असेल अशी शंकाही येत नाही. दुसऱ्याला नम्रता शिकवण्याइतकी गर्वाला सोयीची जागा नसेल.

म्हणून मला दोन प्रसंग जपून ठेवावेसे वाटतात. योहान १८: प्रमुख याजकापुढे येशूच्या तोंडावर एक शिपाई मारतो. येशू म्हणतो की मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? आणि प्रेषितांची कृत्ये १६: फिलिप्पै इथे पौल आणि सीला यांना चौकशी न करता सर्वांसमक्ष फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की गुपचूप निघून जा. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला उघडपणे मारलं, आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले!

याला गर्व म्हणाल का? ज्या पौलाने फिलिप्पैकरांनाच ख्रिस्ताच्या नम्रतेबद्दल लिहिलं, देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिक्त केलं असं, तोच हा पौल. नम्रतेत खोट्याला खरं म्हणणं येत नाही.

निशिगंध
बुधवार, सकाळी १०:४०

पहाटवारा, शंभर टक्के अनुमोदन. येशूची आई मरीया हिच्या गीतातही बलाढ्यांना आसनांवरून ओढून काढलंय आणि दीनांना उंच केलंय. दीनांना आणखी वाका असं सांगितलेलं नाही.

मोहरीचा दाणा
बुधवार, रात्री ९:३०

उज्जीयाचा मोह सोडून आज फारोचं, म्हणजे इस्राएलांना गुलाम ठेवणाऱ्या इजिप्तच्या राजाचं, वाचलं, निर्गम ७ ते ११. त्यांना सोड असं मोशे देवाच्या वतीने सांगतो, तो ऐकत नाही आणि देशावर एकामागून एक पीडा येतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्याचं हे उदाहरण. देवाने फारोचं मन कठीण केलं यावर नेहमी वाद होतो. पण क्रम पाहिला तर आधीच्या पीडांच्या वेळी तो स्वतःच मन कठीण करतो, असं पुन्हा पुन्हा लिहिलंय. 'परमेश्वराने त्याचं मन कठीण केलं' हे प्रत्यक्ष घडल्याचं पहिल्यांदा येतं ते सहाव्या पीडेनंतर, फोड उठल्यावर. देव तसं करणार हे मोशेला आधी सांगितलेलं आहे, ते मी लपवत नाही.

बेडकांच्या पीडेतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. घरात, बिछान्यात, कणकेच्या परातीत बेडूक. मोशे विचारतो, मी केव्हा प्रार्थना करू ते तुम्हीच सांगा. फारो म्हणतो, उद्या.

उद्या! आणखी एक रात्र बेडकांसोबत काढायला तयार, पण आज वाकायला नाही. आणि बेडूक मेल्यावर, जरा उसंत मिळाली हे पाहताच, त्याने मन कठीण केलं. मोडेन पण वाकणार नाही, असं आपण कौतुकाने म्हणतो. त्या उसंतीचा उपयोग त्याने पुन्हा ताठ होण्यासाठी केला. पौल रोमकरांस लिहितो की देवाची दया तुला पश्चात्तापाकडे नेतेय हे न ओळखता तू तिचा अवमान करतोस का? ही ओळ मला आज पहिल्यांदा स्वतःला लागली. पौलही पहिल्या अध्यायात इतरांच्या पापांची लांब यादी देतो, वाचणारा मान डोलवतो आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत तो वाचणाऱ्याकडे वळतो.

सायंघंटा
गुरुवार, दुपारी २:३०

भाषेची एक गंमत सांगायची राहिली, मला ती फार प्रिय आहे. आपण म्हणतो ना, त्याच्या नाकावर राग असतो. हिब्रूत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे, 'अफ'. निर्गम ३४ मध्ये देव मोशेला आपली ओळख सांगतो तेव्हा जे विशेषण येतं त्याचा शब्दशः अर्थ 'लांब नाकाचा'. म्हणजे राग नाकाच्या शेंड्यापर्यंत यायला ज्याला फार वेळ लागतो तो. आपल्या मराठी बायबलने त्याला 'मंदक्रोध' म्हटलं. किती नेमका शब्द! क्रोध आहे, तो नाकारलेला नाही, पण मंद आहे.

त्याच ठिकाणी लगेच पुढे येतं की अपराधाची तो मुळीच गय करत नाही. दोन्ही एका श्वासात. आता गंमत बघा. अश्शूरच्या निनवे शहराने पश्चात्ताप केला आणि देवाने त्याला सोडलं म्हणून योना संदेष्टा रुसतो तेव्हा हेच वचन देवाच्या तोंडावर फेकतो, पण पहिलाच भाग. तू कृपाळू, मंदक्रोध आहेस हे मला माहीत होतं, म्हणूनच मी पळालो! नहूम संदेष्टाही निनवेबद्दलच बोलतो. तोही मंदक्रोध म्हणतो आणि पुढचा भाग जोडतो, गय करणार नाही. एकच शहर, एकच वचन, दोन संदेष्टे. दोन्ही पुस्तकं प्रश्नावर संपतात. योनाच्या पुस्तकात देव विचारतो, एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या या शहराची मी कीव करू नये काय? नहूमाच्या शेवटी निनवेलाच विचारलंय, तुझ्या दुष्टतेचा जाच कुणाला झाला नाही? निनवे इसवी सनपूर्व ६१२ मध्ये पडलं.

कुतूहल, तुमच्या प्रश्नाची दोन टोकं मला या दोन पुस्तकांत दिसतात. योना वाचून जुलमी माणसावरही दया येते. नहूम वाचून जाच सोसणाऱ्यांचा सुस्कारा ऐकू येतो. दोन्ही शास्त्रात ठेवलीत, कुठलंही काढलं नाही.

कुतूहल
गुरुवार, सायंकाळी ७:४५

धन्यवाद. मला पटलं असं म्हणत नाही, पण दोन्ही पुस्तकं वाचणार. आणि लूक १३ सुद्धा.

जुनी वही
शुक्रवार, रात्री १०:५०

धागा काढताना एक गोष्ट मी लिहिली नव्हती. चार दिवस त्या वाक्यापाशी का अडकलो, ते.

आमच्या मंडळीचा गायकवृंद मी बावीस वर्षं चालवला. सुरू केला तेव्हा पाच जण होते, पुढे तीस झाले. मी सूर लावून घ्यायचो, चाली बसवायचो, पहाटे उठून स्वरलिपी लिहायचो. कुणी कौतुक केलं की 'प्रभूची कृपा' म्हणायचो आणि घरी जाताना रस्त्याने मनात म्हणायचो, हे मी उभं केलं. खापर यांनी लिहिलं तसं, ते खरंही होतं. म्हणूनच मला ते कधी खटकलं नाही.

एक तरुण मुलगी उत्तम गायची. एकदा सरावानंतर सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन मला म्हणाली, "काका, तुम्ही चुकणाऱ्याला ज्या पद्धतीने बोलता ना, त्यामुळे लोक घाबरून गातात." मी तिला पुढच्या महिन्यात एकही ओळ स्वतंत्र गायला दिली नाही. त्यानंतरही नाही. चार महिन्यांनी ती यायची थांबली. नम्रता शिकायला हवी होती तिने, असं मी इतरांना सांगितलं. पहाटवारा, तुमचा प्रतिसाद मी त्या दिवशी अर्धाच वाचू शकलो.

आमच्या पाळकांनी मला घरी बोलावून चहा देऊन फार हळुवारपणे हेच सांगितलं होतं. त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. त्या वर्षात मला काहीही झालं नाही. आजार नाही, नुकसान नाही, कुणी बोट दाखवलं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे माझंच बरोबर आहे, असा मी अर्थ काढला. दानीएल ४ वाचताना 'बारा महिने लोटल्यावर' पाशी माझा घसा कोरडा पडला.

काल तिला पत्र लिहिलं. 'तुझं मन दुखावलं असेल तर' असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. मी काय केलं ते सरळ लिहिलं. पत्र पोचलं आहे. उत्तर आलेलं नाही आणि ते यायलाच हवं असं काही नाही. रविवारी गायकवृंदाला सांगणार आहे की सराव आता दुसरं कुणीतरी घेईल. मी चालणार असेन तर मागच्या रांगेत उभा राहून गाईन.

निशिगंध
शुक्रवार, रात्री ११:२०

काका, वाचलं. प्रार्थनेत आठवण ठेवते, तुमची आणि तिचीही.

पहाटवारा
शनिवार, सकाळी ७:३०

'असेल तर' खोडलंत, हे वाचून मला रडू आलं. माझ्यासाठी ते अजून कुणी खोडलेलं नाही.

कुतूहल
शनिवार, दुपारी १२:१०

लूक १३ वाचलं. एक विचारायचं होतं. माळ्याने आळं खणलं, खत घातलं, तर पुढच्या वर्षी त्या झाडाला फळ आलं का? मला सापडलं नाही. पुढच्या अध्यायात आहे का?

निशिगंध
शनिवार, दुपारी १२:२५

नाही. दाखला तिथेच संपतो. मीही तेव्हा पुढे शोधलं होतं.